दोन गावे आणि एक उतार

जालन्याहून भोकरदनकडे जाताना राजूर मागे पडले की पूर्णा नदीच्या काठी केदारखेडा हे गाव लागते. आमचे धाकटे मेहुणे शिक्षकी पेशातले. नोकरीनिमित्त काही वर्षे त्यांचे बिऱ्हाड या गावी होते. त्या काळातील एका दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब त्यांच्याकडे गेलो होतो. आमच्या मुलांनी पुण्याकडील सवयीप्रमाणे अंगणात मातीचा किल्ला रचण्यास आरंभ केला. परंतु ओसरीवर आमच्या भाच्याने त्याहून मोठी लढाई मांडून ठेवली होती. चार चार्टपेपर खळीने चिकटवून त्याने नकाशा केला होता आणि निळ्या खडूने त्यावर केळना व जुई या दोन नद्या काढल्या होत्या. आगपेटीच्या काड्या म्हणजे पायदळाच्या पलटणी, शर्टाच्या गुंड्या म्हणजे तोफा आणि चिंचोके म्हणजे घोडदळ. फासा टाकायचा, वहीतले कोष्टक पाहायचे आणि पडलेल्या पलटणीची काडी उचलून डब्यात टाकायची, असा खेळ. लढाई होती असईची. आणि असई केदारखेड्याहून अवघ्या काही मैलांवर आहे.

भाचा त्या वर्षी बारावीत होता. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेस बसण्याचा त्याचा निश्चय होता. युद्धाचे चित्रपट, सेनापतींची चरित्रे, लढायांचे नकाशे यांखेरीज त्याला दुसरे काही सुचत नसे. वहिनींना याची काळजी वाटे. ‘माणसे मारण्याचा हा खेळ आपल्या घरात चालू द्यावा का? यात पाप नाही का?’ असे त्यांनी आम्हांस सरळ विचारले. आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच कोपऱ्यात जपमाळ ओढीत बसलेल्या सासूबाईंनी मण्यावरचे बोट न हलवता नातवाला विचारले, ‘अरे, ह्यात आपली माणसं कुठल्या बाजूला?’

मुलगा हसला. सेनापतींची नावे, तोफांचे पल्ले, पलटणींचे क्रमांक त्याला तोंडपाठ होते. आजीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच्या वहीत नव्हते. खरे सांगायचे तर ते आमच्यापाशीही नव्हते. वहिनींचा प्रश्न आणि आजींचा प्रश्न हे दोन नसून एकच आहेत, हे आमच्या ध्यानात येण्यास पुढे बराच काळ जावा लागला. त्या विचाराचे फलित वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ती लढाई पाहू. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. वसई हे नाव आपल्या वाचकांच्या कानी चर्चच्या घंटांसह येते. मराठी राज्याच्या इतिहासात मात्र ते परावलंबनाच्या सहीचे नाव आहे. हा तह दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांना मानवणारा नव्हता, आणि १८०३ च्या ऑगस्टमध्ये युद्धास तोंड लागले. २१ सप्टेंबर रोजी जनरल आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची बदनापूर येथे भेट झाली. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेस एकत्र हल्ला करावा असे ठरले. परंतु २३ तारखेस नळणीच्या मुक्कामी पोहोचताच शिंदे-भोसल्यांची फौज अगदी जवळच, केळनेच्या पलीकडे असल्याचे वेलस्लीस कळले. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याच दुपारी लढाई देण्याचे त्याने ठरविले.

नदीच्या उत्तर तीरावर अँथनी पोहलमन या हॅनोव्हरच्या सरदाराच्या हाताखाली दहा हजारांहून अधिक कवायती पायदळ आणि सुमारे शंभर तोफा होत्या. शिवाय हजारोंचे घोडदळ निराळेच. वेलस्लीपाशी प्रत्यक्ष लढणारे कंपनीचे सैन्य साडेचार हजारांच्या आसपास होते, आणि त्याखेरीज म्हैसूरचे व मित्रपक्षीय मराठ्यांचे घोडेस्वार. समोरून नदी ओलांडणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे होते. खालच्या बाजूस उतार आहे काय, असे विचारता वाटाड्यांनी नाही म्हणून सांगितले. तेव्हा वेलस्ली स्वतः पुढे गेला. त्याला नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. नदीपलीकडे जाण्यायेण्याची सोय असल्यावाचून माणसे अशी समोरासमोर घरे बांधणार नाहीत, तेव्हा येथे उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने केला. तर्क खरा ठरला. सैन्य उतारातून पलीकडे गेले आणि दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात लढाई जुंपली.

वेलस्लीचा हिशेब असा होता की शत्रूच्या बगलेवर आपण अकस्मात जाऊन पडू. परंतु पोहलमनच्या पलटणींनी कवायतीच्या शिस्तीने आपली फळी वळवून तोफांची तोंडे त्याच्याकडे केली. इंग्रजांच्या उजव्या बाजूची एक तुकडी चुकून थेट असई गावाच्या रोखाने गेली, आणि तिच्या मागोमाग गेलेल्या चौऱ्याहत्तराव्या स्कॉटिश पलटणीची तोफांनी दाणादाण केली. शिंद्यांचे गोलंदाज संगिनींनी भोसकले जाईतो तोफांपासून हलले नाहीत. इंग्रज पायदळ पुढे निघून गेल्यावर, मेल्यासारखे पडलेले काही गोलंदाज उठले, त्यांनी तोफा फिरविल्या आणि पाठीमागून मारा केला. संध्याकाळपर्यंत मैदान इंग्रजांच्या हाती आले व ९८ तोफाही आल्या. वेलस्लीकडील ४२८ माणसे ठार आणि १,१३८ जखमी झाली. लढलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक माणसे पडली. मराठ्यांकडील मेलेले व जखमी मिळून सुमारे सहा हजार धरले जातात. त्यांची नीट मोजदाद कोणी केलीच नाही.

आता आजींचा प्रश्न. आपली माणसे कुठल्या बाजूला? वेलस्लीच्या बाजूस स्कॉटिश व इंग्रज होते खरे, पण त्याच्या पायदळात मद्रासकडील देशी पलटणींतील शिपाई गोऱ्यांहून अधिक होते. आजच्या आपल्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावरील हत्ती हा असईचाच हत्ती. शिंद्यांच्या बाजूस हिंदुस्थानी शिपाई, त्यांवर युरोपीय सरदार. आणि त्याच बाजूस बेगम समरूच्या पलटणीही होत्या. ही बेगम समरू म्हणजे १७८१ साली आग्र्यास बाप्तिस्मा घेऊन जोआना झालेली सरधन्याची राणी. तिने बांधलेल्या सरधन्याच्या चर्चला १९६१ साली बॅसिलिकेचा मान मिळाला आणि आजही तेथे कृपामातेच्या यात्रेस भाविक लोटतात. म्हणजे ज्या वेदीपुढे आपण गुडघे टेकतो त्या वेदीच्या दात्रीचे शिपाई असईच्या रणात उभे होते. समोरच्या स्कॉटिश पलटणींतही येशूचेच नाव घेत प्राण सोडणारे होते. आजींनी विचारलेले ‘आपले’ दोन्ही तीरांवर पसरले होते. आणि ज्यांच्या उभ्या पिकांतून या फौजा गेल्या ते असई, वरूड, पिंपळगावचे शेतकरी तर कुठल्याच बाजूचे नव्हते.

एवढे झाल्यावर वहिनींच्या प्रश्नाकडे वळावे लागते. असल्या गोष्टींत रमणे, डाव मांडणे, डावपेचांचे मर्म उलगडल्यावर आनंदणे हे सदोष आहे काय? ‘होय’ म्हणून मोकळे होणे सोपे, पण ते न्याय्य नव्हे. बुद्धीला कोडे सुटल्याचा आनंद होणे हा देवानेच ठेवलेला गुण आहे. बुद्धिबळाचा पट मांडणाऱ्या आपल्या पूर्वजांनी हत्ती, घोडा, उंट आणि प्यादी घेऊन युद्धच मांडले होते. शिवाय युद्ध समजून घेणे हे शांतताप्रेमी माणसाचेही कर्तव्य आहे. रोगाचा अभ्यास करणारा वैद्य रोगाचा चाहता नसतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली समग्र शहरे उद्ध्वस्त करणाऱ्या युद्धाचा कठोर निषेध केला. पण त्याच दस्तऐवजात, देशाच्या सेवेत असलेल्या सैनिकांनी स्वतःला लोकांच्या सुरक्षिततेचे व स्वातंत्र्याचे सेवक मानावे, असेही म्हटले आहे. ज्याला असा सेवक व्हायचे आहे त्याने युद्ध जाणूच नये, असे आपण कोणत्या तोंडाने सांगावे?

तरीही वहिनींची धास्ती निराधार नव्हती. नकाशावरून युद्ध पाहण्यात एक धोका आहे, आणि इतिहासच त्याची साक्ष देतो. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन युद्धखेळ सादर केला. तेव्हाचे सेनाप्रमुख म्युफलिंग, जे वॉटर्लूच्या रणांगणावर याच वेलस्लीच्या, म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या, सोबत होते, ते हा खेळ पाहून थक्क झाले आणि तो सैन्याच्या शिक्षणात आला. त्यापासून अनेक सैन्यांनी ही विद्या उचलली. आता १९४२ सालचे पाहा. मिडवे बेटावर चालून जाण्यापूर्वी जपानी आरमाराने टेबलावर ती मोहीम खेळून पाहिली. फाशांनी कौल दिला की जपानची दोन विमानवाहू जहाजे बुडाली. तेव्हा पंच म्हणून बसलेल्या ॲडमिरल उगाकी यांनी तो कौल फिरविला, आघातांची संख्या कमी केली, आणि बुडालेले जहाज पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागले. ४ आणि ५ जून रोजी खऱ्या समुद्रात एकामागून एक चार विमानवाहू जहाजांना जलसमाधी मिळाली आणि त्यांतील खलाशी कोणत्याही डावात पुन्हा तरंगले नाहीत. काडी डब्यात टाकली तर ती उद्या बाहेर काढता येते. ही सवय हाताला लागता लागता मनालाही लागू शकते.

चित्रपटाचा धोका निराळा आहे. खेळ माणसाला दिसेनासा करतो. चित्रपट माणूस दाखवितो, पण त्याच्या मरणाला वाद्यसंगीताची जोड देतो. १९७० सालच्या ‘वॉटर्लू’ या चित्रपटात हजारो सोव्हिएत सैनिकांना गणवेश चढवून मैदानात उभे केले होते. ते दृश्य पाहताना भव्यतेने डोळे दिपतात आणि दिपलेल्या डोळ्यांना दुःख दिसत नाही. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात मित्र अलिपियसची हकीकत सांगितली आहे. रोमच्या आखाड्यात माणसांच्या झुंजी पाहायच्या नाहीत असा अलिपियसचा निर्धार होता; मित्रांनी ओढत नेले तेव्हा तो डोळे मिटून बसला. परंतु जमावाची आरोळी उठताच कुतूहलाने त्याने डोळे उघडले आणि मग ते मिटेनात. रक्ताची धुंदी त्याच्यावर चढली. पडद्यापुढे बसलेल्या आपणा सर्वांत एक अलिपियस असतो. अर्थात सर्व चित्रपटांना एकाच मापाने मोजणे बरे नव्हे. लोंगेवालाच्या लढाईवरील ‘बॉर्डर’ हा १९९७ सालचा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दोन-अडीच तास गर्जना झाल्यावर त्याच्या अखेरीस विजयगीत येत नाही, शोकगीत येते, आणि शत्रूलाही भाऊ म्हणून साद घातली जाते. चित्रपटगृहातून बाहेर पडताना प्रेक्षक कोणती गोष्ट घरी नेतो, गर्जना की शोक, हे त्याने स्वतःलाच विचारायचे आहे.

येथे ऑगस्टीनचेच आणखी एक वचन आम्हांस मार्गदर्शक वाटते. ‘देवनगरी’ या ग्रंथाच्या एकोणिसाव्या भागात तो न्याय्य युद्धाचा विचार करतो. शहाण्या माणसाला कधीकधी न्याय्य युद्ध करावे लागते, हे तो नाकारीत नाही. पण माणूस असल्याची आठवण त्याला असेल तर ते करावे लागल्याचे दुःखच त्याला होईल, असे म्हणतो. पुढे त्याचे म्हणणे असे की, जो मनुष्य या अनर्थांचा नुसता विचारही दुःखावाचून करू शकतो, त्याची स्थिती अधिक शोचनीय, कारण त्याने माणुसकीची जाणीवच गमावलेली असते. पोप फ्रान्सिस यांनी २०२० सालच्या आपल्या परिपत्रकात, आजच्या संहारक शस्त्रांच्या काळात न्याय्य युद्धाची जुनी गमके लावणे फार कठीण झाले आहे, असे लिहिले. त्यामागे हेच दुःख आहे. म्हणून युद्धाचा अभ्यास करावा की नाही, हा प्रश्न आम्ही असा फिरवून घेतो: अभ्यास करताना दुःख शिल्लक राहते काय? राहत असेल तर अभ्यास निर्दोष आहे. राहत नसेल तर गणित बरोबर असूनही कोठेतरी मोठी चूक झाली आहे.

स्वतः वेलस्लीचे उदाहरण घ्यावे. चौतिसाव्या वर्षी त्याने मिळविलेला हा विजय. उत्तरायुष्यात, वॉटर्लू जिंकून झाल्यावरही, आपली सर्वोत्तम लढाई कोणती या प्रश्नास त्याने असई हेच उत्तर दिल्याचे प्रसिद्ध आहे. डावपेचांचे अभ्यासक येथे थांबतात. परंतु लढाईनंतर लिहिलेल्या एका पत्रात त्याने असेही कळविले आहे की, २३ सप्टेंबरसारखी हानी, तेवढाच लाभ होणार असला तरी, पुन्हा पाहणे आपल्याला आवडणार नाही. जिंकलेल्या सेनापतीस जे दुःख झाले ते सव्वादोनशे वर्षांनी ओसरीवर डाव मांडणाऱ्यास होऊ नये, याला आम्ही प्रगती म्हणू शकत नाही.

मग हे दुःख जागे ठेवावे कसे? येथे एका सैनिकाचीच वाट आम्हांस सापडते. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यात तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नेशिअस लोयोला अंथरुणावर पडून वाचावयास शौर्यकथा मागत होता. त्या घरात नव्हत्या. ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे मिळाली. पुढे त्याने जी आध्यात्मिक साधना रचली तिच्यात त्याने आपली सैनिकी कल्पनाशक्ती फेकून दिली नाही, तिला शिकविले. प्रार्थनेपूर्वी त्या प्रसंगाचे स्थळ डोळ्यांपुढे उभे करावे, वाट किती लांब, गुहा किती ठेंगणी हे पाहावे आणि स्वतः तेथे जाऊन उभे राहावे, असे तो सांगतो. देहधारणेच्या चिंतनात तर तो आपल्याला त्रैक्य परमेश्वराच्या दृष्टीने समग्र पृथ्वीकडे पाहावयास लावतो: कोणी शांततेत, कोणी युद्धात, कोणी हसत, कोणी रडत, कोणी जन्मत, कोणी मरत. ही दृष्टीही वरूनच आहे, नकाशावरून पाहिल्यासारखी. परंतु देवाने वरून पाहिले आणि तो वरच राहिला नाही. तो खाली उतरला. नकाशा पाहणाऱ्या माणसाला यापेक्षा दुसरा धडा नको. वरून पाहा, नीट पाहा. पण मग खाली उतरा आणि एका गोलंदाजाशेजारी उभे राहा. त्याला पळता आले असते, त्याचे धनी तर केव्हाच घोड्यांवरून निघून गेले होते. तो का थांबला असेल? त्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. पण कोणीतरी त्याला नावाने हाक मारीतच असेल.

सुटी संपण्यापूर्वी भाच्याला घेऊन आम्ही केळनेच्या काठी गेलो. पावसाळा संपून पाणी निवळले होते. तो उत्साहाने दाखवू लागला, येथून फौज उतरली असेल, तेथे तोफा असतील. आम्ही त्याला म्हटले, ‘बाळ, तुझ्या वेलस्लीने गावे पाहून उतार ओळखला. पण तो उतार तेथे होता कशासाठी?’ तो विचारात पडला. उतार फौजेसाठी नव्हता. अलीकडची लेक पलीकडे दिलेली असेल. पलीकडचा बैल अलीकडच्या बाजारास येत असेल. सुईण रात्री कंदील घेऊन पाण्यातून गेली असेल. शेकडो वर्षांच्या पावलांनी ती वाट मळली होती. सेनापतीचा तो नावाजलेला तर्क खरे पाहता शांततेविषयीचा होता: माणसे समोरासमोर राहिली की ती एकमेकांकडे जातातच. त्या एका दुपारी त्या सत्याचा उपयोग युद्धासाठी झाला एवढेच. लढाईच्या पुस्तकांत उताराचे वर्णन येते. ज्यांनी तो घडविला त्यांचे येत नाही. युद्धाचा पूर्ण अभ्यास म्हणजे दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवणे, असे आता आम्हांस वाटते.

वहिनींना आम्ही सांगितले की मुलाला खेळू द्या, परीक्षेसही बसू द्या. मात्र डब्यातील काड्या मोजल्यावाचून त्याला खेळ आवरू देऊ नका. त्याने ते मानले. एक काडी म्हणजे किती माणसे, हे प्रत्येक डावानंतर तो वहीत लिहू लागला. नकाशावर त्याने पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे, आधी जेथे नुसती नावे होती तेथे, घरे काढून दाखविली.

दिवाळी उलटली की नोव्हेंबरचा मृतात्म्यांच्या स्मरणाचा महिना फार दूर नसतो. त्या वर्षी आमच्या धर्मग्रामात मृतांसाठी मिस्साचे हेतू लिहून द्यावयाचे होते. आम्ही आमच्या आईवडिलांची नावे लिहिली आणि खाली एक ओळ जोडली: असईच्या रणात पडलेल्या सर्वांसाठी. धर्मगुरूंनी विचारले, कोणत्या बाजूच्या? आम्ही म्हणालो, फादर, दोन्ही. सासूबाईंना हे पुढे सांगितले तेव्हा त्यांना त्याचे फारसे नवल वाटले नाही. नातवाला उत्तर देता आले नाही त्या संध्याकाळीच त्यांनी जपमाळेचे एक दशक त्या सर्वांच्या नावे म्हणून टाकले होते.